ओकिनावाचा राग नेमका कुणावर? अमेरिकी तळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगभरातल्या अमेरिकाविरोधाबद्दल बोलायचं तर इराण, क्यूबा, पाकिस्तान ही नावं आधी येतात. जपानचं ओकिनावा फारसं कुणाच्या तोंडी नसतं. तिथे राज्यकर्त्यांनी शिकवलेल्या घोषणा नाहीत, धर्माचं कारण नाही, अमेरिकेशी वैर असलेलं सरकारही नाही. तरीही कित्येक दशकं लोक अमेरिकी तळांच्या दारात बसत आले आहेत. म्हणूनच हा विषय समजून घ्यायला ओकिनावा मला सगळ्यात चांगली जागा वाटते. वाचक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

ओकिनावा कुठे आहे आणि तिथे अमेरिकी सैन्य आलं कसं?

जपानच्या नैऋत्येला तैवानच्या दिशेने बेटांची एक लांबलचक माळ गेली आहे. त्यातलं सर्वांत मोठं बेट ओकिनावा, आणि आसपासच्या बेटांसह प्रांताचं नावही तेच. इथे पूर्वी र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. १८७९ मध्ये जपानने ते खालसा करून आपला प्रांत बनवलं.

१ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी फौजा मुख्य बेटावर उतरल्या आणि जूनच्या अखेरीपर्यंत लढाई चालली. तिच्यात २ लाखांहून अधिक माणसं मेली. ओकिनावाचे स्वतःचे १ लाख २० हजारांहून जास्त, आणि त्यात बहुसंख्य सामान्य नागरिक. लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा तीन महिन्यांत संपला. टोकियोला ही लढाई हवी होती ती वेळ काढण्यासाठी, मुख्य भूमीवरचं आक्रमण लांबवण्यासाठी. जपानी सैनिकांनीच गुहांमधून स्थानिकांना बाहेर हुसकावलं, काहींना हेर ठरवून मारलं, काहींना कुटुंबासकट जीव द्यायला लावलं. हे आधी सांगावं लागतं, कारण ओकिनावाच्या मनातल्या हिशेबात दोन नावं आहेत आणि त्यातलं पहिलं अमेरिकेचं असेलच असं नाही.

आज तिथे किती तळ आहेत?

जपानच्या एकूण जमिनीपैकी ओकिनावाची जमीन ०.६ टक्के. पण जपानमध्ये फक्त अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी राखलेल्या जमिनीपैकी जवळजवळ ७० टक्के याच प्रांतात आहे. मुख्य बेटाचा सुमारे १५ टक्के भाग कुंपणाआड गेला आहे. कादेनाचा हवाई तळ आणि मरीन सैनिकांचा (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलाचा) फुतेन्माचा तळ ही त्यातली सर्वांत परिचित नावं. फुतेन्मा तर गिनोवान शहराच्या ऐन मध्यात आहे. शाळा, दवाखाने, घरं त्याच्याभोवती वसलेली आणि मधोमध धावपट्टी.

लोकांनी तळाजवळ घरं बांधली, मग तक्रार कसली?

हा प्रश्न जपानमध्येही विचारला जातो आणि तो ऐकून गिनोवानची वयस्क मंडळी अस्वस्थ होतात. फुतेन्माच्या जागी गावं होती, शेतं होती, शाळा होती, गावकचेरी होती. १९४५ मध्ये लोक युद्धकैद्यांसारखे छावण्यांत ठेवलेले असताना ती जमीन घेऊन धावपट्टी बांधली गेली. छावणीतून सुटलेल्यांना परतायला गाव उरलं नव्हतं, तेव्हा कुंपणाच्या कडेला जिथे जागा मिळाली तिथे त्यांनी संसार मांडला. तळ गावाजवळ आला, गाव तळाजवळ गेलं नाही.

म्हणजे सगळी जमीन युद्धाच्या धामधुमीत गेली?

नाही. त्याहून जिव्हारी लागणारा भाग नंतरचा आहे. शांतता झाल्यावरही ओकिनावा अमेरिकी अंमलाखालीच होतं, आणि १९५३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने जमीन सक्तीने ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. ओकिनावात आजही त्या काळाची आठवण ‘संगिनी आणि बुलडोझर’ या शब्दांत सांगितली जाते. मार्च १९५५ मध्ये मुख्य बेटाजवळच्या छोट्या इए बेटावर सुमारे ३०० सशस्त्र सैनिक उतरले, शेतकऱ्यांची १३ घरं पाडली आणि शेतं जाळून बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान केलं. जुलैत मुख्य बेटावरच्या इसाहामा गावात पहाटे तेच झालं. तिथे हिरवीगार भातशेती होती. विस्थापितांपैकी काही कुटुंबं शेवटी ब्राझीलला निघून गेली.

भूसंपादन कसं होतं हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. कोयनेपासून ज्यांनी प्रकल्पग्रस्तांच्या कहाण्या ऐकल्या आहेत, त्यांना इए बेटाच्या शेतकऱ्यांची तगमग सहज कळेल. फरक इतकाच की दाद मागायला त्यांच्याकडे ना आपलं न्यायालय होतं, ना आपलं सरकार.

हे लोक अमेरिकेचा द्वेष करतात का?

याचं उत्तर त्याच इए बेटावर आहे आणि मला ते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तिथले एक शेतकरी शोको आहागोन. तरुणपणी क्यूबा आणि पेरूत मजुरी करून परतलेले. डेन्मार्कच्या धर्तीवर शेतकऱ्यांची शाळा काढायचं त्यांचं स्वप्न होतं. मुलगा युद्धात गेला, मग जमीन गेली. १९५४ मध्ये लष्कराशी बोलणी करायला जाण्यापूर्वी त्यांनी आणि गावकऱ्यांनी स्वतःसाठी नियम लिहून काढले. अमेरिकाविरोधी व्हायचं नाही, हा त्यातला एक. रागवायचं नाही, वाईट बोलायचं नाही. बोलणी करताना बसून घ्यायचं. हात कानांच्या वर न्यायचा नाही, म्हणजे मारायला उठला असं कुणी म्हणणार नाही. खोटं बोलायचं नाही. आणि आपण शेतकरी माणूसपणात सैनिकांपेक्षा सरस आहोत, तेव्हा त्यांना समजावून सांगायच्या वृत्तीने बोलायचं.

जमीन हातची जात असताना हे लिहिणारे लोक होते! पुढे घरं पाडली गेल्यावर तेच गावकरी भुकेल्या अवस्थेत मुख्य बेटभर भीक मागत पायी फिरले आणि काय घडलं ते लोकांना सांगितलं. १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने जमिनीचं भाडं एकरकमी देऊन ती जवळजवळ कायमची घ्यावी असा अहवाल दिला, तेव्हा सगळं ओकिनावा उठलं ते याच फिरस्तीने तयार झालेल्या जमिनीवर. आहागोन २००२ मध्ये १०१ वर्षांचे होऊन गेले. शेवटपर्यंत ते तळांच्या विरोधात होते, आणि शेवटपर्यंत त्यांनी तो नियम मोडला नाही.

म्हणून ओकिनावाच्या आंदोलनाला ‘अमेरिकाविरोधी भावना’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. भावना म्हटलं की समजूत काढणं पुरेसं होतं. जमीन, कायदा आणि मत मागणाऱ्यांना समजूत नको असते, निर्णय हवा असतो.

जपान १९५२ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला. तेव्हा ओकिनावाचं काय?

२८ एप्रिल १९५२ रोजी जपानशी युद्धानंतर झालेला सॅन फ्रान्सिस्को शांतता करार अंमलात आला, जपानला सार्वभौमत्व परत मिळालं, आणि ओकिनावा मात्र अमेरिकी अंमलाखाली राहिलं. ओकिनावात या तारखेला ‘अपमानाचा दिवस’ म्हणतात. २०१३ मध्ये टोकियोत पंतप्रधान आबे यांच्या सरकारने हाच दिवस सार्वभौमत्वाचा सोहळा म्हणून साजरा केला आणि त्याच वेळी गिनोवानमध्ये निषेधाची सभा भरली होती.

पुढची २० वर्षं ओकिनावाच्या माणसाला जपानच्या मुख्य भूमीवर जायला पासपोर्टसारखा परवाना लागे. १९५८ पासून चलन डॉलर झालं. त्याच वर्षी ओकिनावाच्या शुरी हायस्कूलचा संघ जपानच्या प्रसिद्ध शालेय बेसबॉल स्पर्धेत कोशिएनच्या मैदानावर खेळला. हरलेल्या संघाची मुलं त्या मैदानाची माती आठवण म्हणून घरी नेतात. या मुलांनीही नेली. नाहा बंदरात ती ‘परदेशी माती’ ठरली आणि रोगप्रतिबंधाच्या नियमाखाली फेकून देण्यात आली.

निवडणुकांतून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं नाही का?

मांडलं. १९५६ च्या डिसेंबरात राजधानी नाहाच्या लोकांनी कामेजिरो सेनागा यांना महापौर निवडलं. तळांवर टीका केल्याबद्दल अमेरिकी प्रशासनाच्या डोळ्यांत ते आधीपासून खुपत होते, तुरुंगातही जाऊन आले होते. ते महापौर होताच शहराचा पैसा गोठवला गेला. नाहाच्या नागरिकांनी काय करावं? रांगा लावून कर भरले, म्हणजे पालिका चालू राहील. शेवटी प्रशासनाने नियमच बदलले आणि वर्षभरात त्यांना पदावरून दूर केलं. लोकशाही शिकवायला आलेल्या देशाचं हे वागणं ओकिनावाने जवळून पाहिलं, आणि अमेरिकेवरचा तिथला सर्वांत खोल आरोप मला वाटतं हाच आहे: तुम्ही सांगता ते तुम्ही इथे पाळत नाही.

कधी हिंसा झाली?

एकदा मोठी झाली. २० डिसेंबर १९७० च्या पहाटे कोझा शहरात. अमेरिकी माणसाच्या गाडीने एका स्थानिकाला धडक दिली, आणि जमाव पेटला. काही दिवस आधीच इतोमान इथे गाडीखाली एका महिलेचा जीव घेणाऱ्या अमेरिकी सैनिकाला लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं. त्या रात्री अमेरिकी मालकांच्या ७० हून अधिक गाड्या जाळल्या गेल्या. एकही माणूस मारला गेला नाही.

त्यामागे वर्षानुवर्षं साठलेलं होतं. ३० जून १९५९ रोजी एफ-१०० जातीचं लढाऊ विमान इशिकावा इथल्या मियामोरी प्राथमिक शाळेवर कोसळलं, ११ मुलं आणि ६ रहिवासी गेले. वैमानिक हवाई छत्रीने उतरून वाचला. १९६८ मध्ये व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला निघणारं बी-५२ कादेनाच्या तळावरच उड्डाणाच्या वेळी कोसळून पेटलं. आपल्या अंगणातून दुसऱ्यांच्या गावांवर बॉम्ब जात आहेत, हे दुःख युद्ध भोगलेल्या या लोकांना वेगळंच होतं.

१९७२ मध्ये ओकिनावा जपानला परत मिळालं. प्रश्न का सुटला नाही?

१५ मे १९७२ ला झेंडा बदलला. डॉलरच्या जागी येन आलं, १९७८ मध्ये एका रात्रीत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे आल्या. तळ मात्र राहिले.

इथे एक गोष्ट जपानबाहेर फार कमी लोकांना ठाऊक असते. मरीन सैनिकांची मोठी तुकडी आधी ओकिनावात नव्हती, ती जपानच्या मुख्य भूमीवर, गिफू आणि यामानाशी प्रांतांत होती. १९५० च्या दशकात तिथे तळांविरुद्ध मोठी आंदोलनं झाली आणि ती तुकडी ओकिनावात हलवली गेली. मुख्य भूमीवरचा विरोध ऐकला गेला, कारण तिथे मतदार होते. ओकिनावात तेव्हा जपानी संसदेचा मतदारच नव्हता. जपानमध्ये ‘अमेरिकाविरोध कमी झाला’ असं जे म्हणतात त्याचं एक कारण हेच: ओझं नजरेआड गेलं.

१९९५ मध्ये काय घडलं?

४ सप्टेंबर १९९५ रोजी तीन अमेरिकी सैनिकांनी १२ वर्षांच्या एका शाळकरी मुलीचं अपहरण करून तिच्यावर बलात्कार केला. जपानी पोलिसांना संशयित ताबडतोब मिळाले नाहीत, कारण दोन देशांमधल्या सैन्यविषयक करारानुसार आरोपपत्र दाखल होईपर्यंत ते अमेरिकेच्या ताब्यात राहू शकत होते. २१ ऑक्टोबरला गिनोवानमध्ये ८५ हजार लोक जमले. पॅसिफिक विभागाचे अमेरिकी सेनाप्रमुख अॅडमिरल रिचर्ड मॅकी म्हणाले की, त्या तिघांनी गाडीच्या भाड्याइतक्या पैशांत एखादी मुलगी मिळवली असती. त्यांना पद सोडावं लागलं. पण ते वाक्य ओकिनावाच्या बायका विसरलेल्या नाहीत, आणि विसरावं असं मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा प्रांताचे गव्हर्नर मासाहिदे ओता होते. शाळकरी वयात युद्धात ओढले गेलेले, नंतर अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात पत्रकारिता शिकलेले. काही जमीनमालक तळांच्या भाडेकरारावर सही द्यायला नकार देत होते, त्यांच्या वतीने सही करण्याचं काम गव्हर्नरवर येई. ओतांनी ती सही नाकारली. केंद्र सरकारने त्यांना न्यायालयात खेचलं आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. काही दिवसांतच प्रांतात सार्वमत झालं आणि मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के लोकांनी तळ कमी करण्याच्या आणि करार बदलण्याच्या बाजूने कौल दिला.

मग करार बदलला का?

मजकूर तसाच आहे. खून आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यांत आरोपपत्राआधी ताबा देण्याचा अमेरिका ‘सहानुभूतीने विचार’ करेल, एवढंच ठरलं. ठरवणार अमेरिकाच. कामावर असताना घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.

कुंपणाबाहेर काय होतं ते १३ ऑगस्ट २००४ ला दिसलं. मरीन सैनिकांचं हेलिकॉप्टर ओकिनावा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या इमारतीवर आदळलं आणि अमेरिकी सैनिकांनी विद्यापीठाचाच परिसर अडवून जपानी पोलिसांना जागेवर येऊ दिलं नाही. २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट उघडकीला आली. आदल्या डिसेंबरात एका अमेरिकी वायुसैनिकाने १६ वर्षांखालील मुलीवर केलेल्या अत्याचाराबद्दल आरोपपत्र दाखल होऊनही परराष्ट्र मंत्रालयाने प्रांताला महिनोन्‌महिने कळवलंच नव्हतं. लपवाछपवी वॉशिंग्टनची नव्हती, टोकियोची होती.

फुतेन्मा बंद होणार होता ना?

एप्रिल १९९६ मध्ये पंतप्रधान हाशिमोतो आणि अमेरिकी राजदूत मॉन्डेल यांनी तो ५ ते ७ वर्षांत परत देऊ असं जाहीर केलं. अट होती बदली तळाची. त्यासाठी जागा ठरली त्याच बेटावर, नागो शहरातल्या हेनोकोचा किनारा. नागोच्या लोकांनी १९९७ मध्ये सार्वमतात नाही म्हटलं. २००९ मध्ये हातोयामा ‘निदान प्रांताबाहेर नेऊ’ म्हणत पंतप्रधान झाले, २०१० मध्ये शब्द फिरवून पायउतार झाले.

२०१४ मध्ये ताकेशी ओनागा गव्हर्नर झाले. हे गृहस्थ सत्ताधारी पुराणमतवादी पक्षात घडलेले, अमेरिकेशी असलेल्या युतीचे समर्थक. त्यांनी डावे-उजवे एकत्र आणून हेनोकोला विरोध केला. युती सगळ्या देशाला हवी तर तिचा भार सगळ्या देशाने उचलावा, एवढंच त्यांचं म्हणणं. २०१८ मध्ये ते पदावर असतानाच कर्करोगाने गेले. त्यांच्या जागी निवडून आलेले डेनी तामाकी यांचे वडील अमेरिकी मरीन सैनिक होते. ज्यांना अजूनही हा वंशद्वेष वाटतो, त्यांनी या निवडीकडे पाहावं.

डिसेंबर २०१८ मध्ये समुद्रात भराव सुरू झाला. २४ फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं भरावाविरुद्ध पडली. काम थांबलं नाही. हेनोकोलगतच्या ओउरा उपसागराचा समुद्रतळ इतका मऊ निघाला की पक्का करायला ७० हजारांहून अधिक खांब रोवावे लागणार आहेत. गव्हर्नरने बदललेल्या आराखड्याला मंजुरी नाकारली, तर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयाच्या निकालाआधारे त्यांच्या जागी स्वतःच मंजुरी देऊन टाकली. प्रांताचा अधिकार असा परस्पर वापरण्याची ती पहिलीच वेळ.

तळांवर ओकिनावाचं पोट चालतं ना?

एकेकाळी बरंच चालत होतं. प्रांताच्या उत्पन्नात तळांचा वाटा १९७२ मध्ये सुमारे १५ टक्के होता, आता ५ टक्क्यांच्या आसपास आहे. परत मिळालेल्या जमिनीवर नाहाचा नवा शहरभाग आणि चातानचा बाजारपेठांचा परिसर उभा राहिला आणि तिथे तळाच्या काळापेक्षा कितीतरी जास्त रोजगार आहे. तरीही तळांवर हजारो स्थानिक लोक नोकरी करतात, आणि जमिनीच्या भाड्यावर जगणारी कुटुंबं आहेत. एकाच घरात मुलगा तळावर कामाला आणि आई दारात धरण्याला, असं इथे घडतं. त्यांना दुटप्पी म्हणणं फार सोपं आहे, त्यांच्या जागी राहणं नाही.

अमेरिकी गोष्टी त्यांना आवडतात का?

खूप. डबाबंद मांस आणि अंड्याचा भात तिथे घरगुती न्याहारी आहे. मेक्सिकन मसाल्याचा खिमा भातावर घालून केलेला टाको राइस किन गावात तळाच्या दारात जन्मला. कोझाचं रॉक संगीत जपानभर गाजलं.

चीनची भीती नाही का?

आहे, आणि ती खरी आहे. तैवान जवळ आहे, चीनशी असलेला सेनकाकू बेटांचा वाद दारात आहे. पण ओकिनावाचा अनुभव असा की, युद्ध आलं तर तळ असलेली जागा आधी मार खाते. शिवाय योनागुनी, मियाको, इशिगाकी या बेटांवर २०१६ पासून जपानचं स्वतःचं सैन्यही येऊन बसलं आहे. तळ पूर्ण काढावेत असं म्हणणारे आहेत, कमी करावेत म्हणणारे त्याहून जास्त. काही हजार मरीन ग्वाम आणि इतरत्र हलवायचं ठरलेलं आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये पहिली छोटी तुकडी गेली.

इतर देशांतही असंच आहे?

बऱ्याच ठिकाणी. फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये सुबिक खाडीच्या तळाचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. दक्षिण कोरियात २००२ मध्ये लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या, सैनिक निर्दोष सुटले आणि लाखो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियावरून तर ब्रिटनने अमेरिकी तळासाठी सगळी वस्तीच उठवली. सगळीकडे तीच तीन गाऱ्हाणी: जमीन घेतली, कायदा लागू होत नाही, आम्हाला विचारलं नाही.

ओकिनावाला गेलो तर हे कुठे समजून घेता येईल?

गिनोवानमध्ये काकाझू टेकडीवरच्या उद्यानातून फुतेन्माची धावपट्टी आणि तिला खेटलेली घरं दिसतात. कादेनाच्या तळासमोर रस्त्याकडेला विश्रांतिस्थान आहे, त्याच्या गच्चीवरून विमानं दिसतात आणि तळाचा इतिहासही मांडलेला आहे. नाहामध्ये सेनागांच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे. इए बेटावर बोटीने जाता येतं, तिथे आहागोन यांनी उभारलेलं छोटं संग्रहालय आहे. इतोमानच्या माबुनी इथल्या स्मारकशिळांवर २ लाख ४० हजारांहून जास्त नावं आहेत. ओकिनावाचे, जपानी, कोरियन, आणि १४ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांचीही, सगळी एकाच आवारात कोरलेली. हेनोकोच्या दारातल्या धरण्याला बसलेले लोक बहुतेक वयस्क आहेत. परक्या माणसाने प्रश्न विचारले तर ते सांगतात. बोलायला थोडं जपानी येणारं कुणी सोबत असलेलं बरं.